प्रवरेच्या काठाने तीन रात्री

दिवाळीत फराळ करता करता बाबा म्हणाले, "मचाणावर झोपलो, खळ्यावर झोपलो, गाडीखाली झोपलो. तंबूत झोपायचं तेवढं राहिलं." त्यांचं लहानपण राखणीला शेतावर जाण्यात गेलं. आता वय 69, गुडघे बोलतात, पण डोळ्यांत तेव्हा जे दिसलं ते बघून धाकट्या भावाने तिथल्या तिथे तारखा ठरवल्या. डिसेंबरचा दुसरा आठवडा. मी, भाऊ, त्याचा दहा वर्षांचा मुलगा आणि बाबा. दोन तंबू, एक गाडी. आणि एकच नदी धरायची, प्रवरा. पहिली रात्र भंडारदऱ्याच्या जलाशयावर, दुसरी वर उगमाजवळच्या ओढ्यावर, तिसरी खाली सपाटीवर, जिथे ती उसाच्या रानातून वाहते.

पहिला दिवस : नाशिक, घोटी, बारी, मुरशेत

सकाळी निवांत निघालो. घोटीत चहा झाला, बारीजवळ कळसूबाई समोर उभी राहिली. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, असं मी भाच्याला सांगत होते तोवर तो माथ्यावरचं इवलंसं देऊळ शोधण्यात गुंग झाला होता.

शेंडी गावातून धरणाच्या भिंतीकडे एक चक्कर मारली. 1910 मध्ये काम सुरू होऊन 1926 मध्ये पुरं झालेलं हे दगडी धरण, म्हणजे शंभरीचं. बाबा कठड्याला हात लावून बराच वेळ उभे होते. दगडाच्या सांध्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "बघ, कुठे पातं शिरणार नाही."

जागा शोधायला मात्र दुपार गेली. शेंडीच्या जवळ पाण्याकाठी तंबूंच्या रांगाच्या रांगा लागलेल्या असतात, त्यातल्या एका ठिकाणी दुपारी दोनलाच मोठे स्पीकर लावले होते. ज्याला गर्दीत मजा येते त्याने तिथे राहावं, पण मला पाण्याचा आवाज ऐकायला मिळत नसेल तर पाण्याकाठी राहण्यात काही अर्थ वाटत नाही. आम्ही मुरशेतच्या पुढे निघालो.

रस्त्याच्या खालच्या अंगाला भाताची खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी थेट पाण्यापर्यंत उतरत होती. कापणी, झोडणी उरकलेली, नुसती धसकटं उभी. बांधावर एक मामा गवताचा भारा बांधत होते. भावाने विचारलं, "मामा, एक रात्र तंबू लावू का तुमच्या खाचरात?" मामांनी आधी बाबांकडे पाहिलं, मग म्हणाले, "लावा की. पण ह्या बाबांना थंडी सोसंल का?"

एक गोष्ट इथेच सांगते. जलाशयाच्या काठावरची जमीन मोकळी दिसली तरी ती कुणाची तरी असते. मालकाला विचारा, पैसे आधी ठरवा, जेवण त्यांच्याच घरी सांगा. या भागाचा मोठा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वन खात्याच्या नाक्यावर नोंद करून शुल्क भरावं लागतं. पावती शेवटपर्यंत जपून ठेवा.

तंबू कुठे लावायचा यावरून आमचे दोन पक्ष झाले. भावाला अगदी पाण्याकाठी हवा होता, दार उघडलं की समोर रतनगड आणि त्याचं प्रतिबिंब. मामा म्हणाले, "ताई, खाली नका लावू. खाली दव लय पडतंय. त्या जांभळीखाली लावा." जांभूळ होती तीन खाचरं वर, पाण्यापासून चांगली पन्नास-साठ पावलं. मी आणि बाबांनी मामांचं ऐकलं. भावाने आणि भाच्याने पाणी धरलं.

मामा जाऊन डोक्यावर पेंढा घेऊन आले. म्हणाले, "खाली हातरा." जमिनीवर वीतभर जाड पेंढा, त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर तंबू. थंडी अंगावर पडते त्याहून जास्त जमिनीतून चढते. पांघरूण कितीही जाड घेतलं तरी पाठीखाली दाबलं गेलं की त्यातली हवा निघून जाते आणि ऊब संपते. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर ते आधी खालच्या चटईवर करावेत. बाबांनी स्लीपिंग बॅगला हातही लावला नाही. घरून आणलेली घोंगडी त्यांनी निम्मी खाली घातली, निम्मी वर ओढली.

मामांच्या घरी जेवलो. नागलीची भाकरी, काळ्या उडदाचं घुटं, ठेचा. मावशी चुलीपुढून उठल्याच नाहीत, भाकरी संपायच्या आत दुसरी ताटात पडत होती. "पोराला गूळ दे," असं मामा म्हणायच्या आत भाच्याच्या ताटात गूळ आला होता.

रात्री वारा पडला. पाणी काचेसारखं झालं आणि पलीकडच्या काठावरचा एकुलता एक दिवा त्यात उभी रेघ ओढून बसला. मध्येच एक टिटवी ओरडत गेली. तीनच्या सुमाराला माझ्या तंबूची चेन वाजली. भाचा होता, पांघरूण गुंडाळून, दात वाजवत. "आत्या, आमच्याकडे आतून पाऊस पडतोय." त्याला घोंगडीत बाबांच्या कुशीत सरकवला आणि तो दोन मिनिटांत झोपला.

सकाळी दोन्ही तंबू बघितले. भावाच्या तंबूचं कापड बाहेरून दवाने जड होऊन लोंबत होतं, आत छताला थेंबांच्या ओळी होत्या. बोटाने एक थेंब टोचला की शेजारचे तीन ओघळायचे. जांभळीखालचा आमचा तंबू फक्त कडांना दमट. गार हवा जड असते, रात्री उतारावरून घसरत खाली येते आणि पाण्याकाठच्या खोलगटात साचते. झाडाखाली छपराची ऊब आभाळात उडून जात नाही, म्हणून दवही कमी. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं, मामांना ते जांभळीखाली गुरं बांधून कळलेलं होतं.

आतल्या थेंबांचं कारण वेगळं. भावाने थंडीच्या भीतीने तंबूच्या वरच्या दोन्ही झडपा बंद केल्या होत्या. दोन माणसांच्या श्वासातली वाफ जाणार कुठे? कितीही थंडी असो, वरची झडप बोटभर तरी उघडी ठेवायची. आणि प्लास्टिकचा खालचा कागद तंबूच्या बाहेर डोकावता कामा नये, नाहीतर भिंतीवरून ओघळलेलं पाणी त्यावर जमून थेट आपल्या पाठीखाली येतं.

दुसरा दिवस : घाटघर, साम्रद, रतनवाडी

तंबू उन्हात वाळत घातले, त्यामुळे निघायला दहा वाजले. ओला तंबू गुंडाळून गाडीत टाकायचा नाही, एका दिवसात कुबट वास धरतो.

जलाशयाला वळसा घालत उडदावणेमार्गे घाटघरला गेलो. तिथला कोकणकडा म्हणजे जमीन अचानक संपते आणि खाली कोकण दिसतं. घाटघरचा वीजप्रकल्प याच उंचीवर चालतो: मागणी कमी असते त्या वेळी खालचं पाणी वर चढवायचं, गरज लागली की तेच खाली सोडून 250 मेगावॉट वीज काढायची. भाच्याला ही कल्पना फारच आवडली, दिवसभर तो पाण्याला "वर जा, खाली ये" करत होता.

साम्रदची सांदण दरी बाबांच्या गुडघ्यांमुळे सोडली. त्यांना वाईट वाटू नये म्हणून आम्ही तो विषयच काढला नाही, तर गाडीत बसल्यावर तेच म्हणाले, "तुम्ही पुढच्या वेळी या आणि मला फोटो दाखवा."

दुपारी रतनवाडी. अमृतेश्वराचं देऊळ माझ्या मते या सगळ्या परिसरातली सर्वांत सुंदर गोष्ट. काळा दगड, शिखरावर खालपासून वरपर्यंत नक्षी, आणि उन्हाचा कोन बदलला की तीच नक्षी वेगळी दिसते. शेजारी पुष्करणी आहे, भिंतीतल्या कोनाड्यांत मूर्ती, पाणी हिरवं आणि स्तब्ध. तिथल्या पायरीवर बाबांनी नातवाला गोष्ट सांगितली: अमृत पिऊन पळालेल्या राहूचा शिरच्छेद इथे झाला, गळ्यातलं अमृत या डोंगरावर सांडलं आणि त्यातून प्रवरा निघाली. म्हणून ती अमृतवाहिनी. भाच्याने विचारलं, "मग हे पाणी पिऊन कुणी मरत नाही?" बाबा म्हणाले, "उसाला विचारू, उद्या."

गावातल्या एका दादांच्या शेतात, ओढ्यापासून दोन बांध वर, मुक्काम केला. आज वाद झाला नाही. भाऊ स्वतःच खालची जागा बघून आला आणि म्हणाला, "नको." ओढ्याच्या कडेला करवंदीच्या जाळीत, माझ्या कमरेच्या उंचीवर, वाळलेलं गवत आणि काटक्या अडकलेल्या होत्या. पावसाळ्यात पाणी तिथपर्यंत चढतं याची ती खूण. कुठल्याही नदीवर, कुठल्याही महिन्यात, तंबू लावण्याआधी अशा खुणा बघायची सवय लावून घ्यावी.

इथे पाणी म्हणजे घोट्याइतका ओढा, दगडांतून सतत बोलणारा. काल जलाशय रात्रभर गप्प होता. आज अंथरुणावर पडल्यावर आधी वाटलं की कुणी माणसं लांब कुजबुजत आहेत. पंधरा मिनिटांनी कान सरावले. घरात बारीक आवाजाने जागे होणारे बाबा त्या रात्री सलग सहा तास झोपले, म्हणजे उल्का बघून झाल्यावर.

उल्कांसाठीच ही तारीख धरली होती. दरवर्षी 13-14 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीच्या दिशेने उल्कावर्षाव होतो. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून होतात, हा मात्र 1983 मध्ये सापडलेल्या फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या मागे राहिलेल्या कणांतून. चंद्र उशिरा उगवणार होता. पेंढ्यावर सतरंजी टाकून चौघंही उताणे पडलो. बाबांनी आधी कृत्तिकांचा झुबका दाखवला, मग मृग, त्याचा बाण, बाणाच्या रेषेत खाली व्याध, आणि दुसऱ्या अंगाला पुनर्वसूचे दोन तारे. "रात्री पाणी धरायला जायचो ना, तेव्हा घड्याळ हेच." मी त्यांची मुलगी, इतकी वर्षं त्यांच्या घरात वाढले, आणि हे मला माहीत नव्हतं. पुनर्वसूच्याच जवळून उल्का सुटत होत्या. काही बारीक, डोळ्याच्या कोपऱ्यात पुसून गेलेल्या. एक मात्र रतनगडाच्या डोक्यावरून अशी गेली की तिच्या उजेडात क्षणभर बाबांचा चेहरा दिसला. भाच्याने 41 मोजल्या आणि बेचाळिसाव्याची वाट बघत झोपून गेला.

पहाटे सहाला गाडीच्या पडद्यावर बाहेरचं तापमान 8 अंश दिसत होतं. शेजारच्या शेतात आणखी एक मुक्काम होता, तरुण मुलं. रात्री थंडीने हैराण होऊन त्यांनी निखाऱ्यांची घमेली तंबूत नेली होती. ज्यांच्या शेतात आम्ही होतो त्या दादांना धुराचा वास आला, त्यांनी जाऊन ती स्वतः ओढून बाहेर काढली. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतून उठतच नाही. शेगडी, गॅस, निखारे, काहीही असो, तंबूच्या आत नाही. थंडी असह्य झाली तर उठून गाडीत जाऊन बसा.

तिसरा दिवस : रंधा, राजूर, अकोले आणि पुढे

सकाळी शौचाची सोय दादांच्या घरी होती. जिथे ती नसेल तिथे पाण्यापासून किमान 60 मीटर लांब जाऊन वीतभर खड्डा करायचा आणि मातीने बुजवायचा. भांडी ओढ्यात घासायची नाहीत, साबण लावायचाच नाही. खाली गावं तेच पाणी भरतात.

रंधा धबधब्याला डिसेंबरात पावसाळ्याचा थाट नसतो, पण दगडात कोरलेली घळ तेव्हाच नीट दिसते. राजूरला पेढे घेतले. अकोल्यात अगस्ती ऋषींच्या आश्रमात थोडं बसलो. तोवर डोंगर मागे पडले होते, नदी रुंद झाली होती आणि दोन्ही काठांना ऊस, कांदा, गव्हाचे हिरवे वाफे.

अकोले ते संगमनेर या पट्ट्यात भावाच्या मित्राच्या मामांची शेती आहे. तिथे पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. नदीच्या पात्रात वाळूचा एक लांबट पट्टा होता, मऊ, कोरडा, तीन बाजूंनी पाणी. तिन्ही दिवसांत इतकी देखणी जागा दिसली नव्हती. भाचा पळत गेला आणि "ही आपली!" म्हणत त्याने तंबूची एक केशरी मेख पट्ट्याच्या टोकाला ठोकून टाकली.

मामा बांधावरून उतरले ते मान हलवतच. "इथं नाही. अजिबात नाही." एक कारण ऊस. "आठवड्याखाली कुत्रं नेलं." बोलताना त्यांच्या आवाजात भीती नव्हती, पाहुण्यांची काळजी होती. अकोले परिसरातल्या बिबट्यांवर डॉ. विद्या अत्रेय यांनी कॅमेरे आणि कॉलर लावून अभ्यास केला आहे. शेतीच्या या भागात दर 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 बिबटे त्यांना आढळले, माणसांच्या इतक्या जवळ राहून बहुतेक वेळा कुणाच्या नजरेला न पडणारे. म्हणून या पट्ट्यात उघड्यावर, उसाच्या कडेला तंबू लावायचा नाही. रात्री एकट्याने बाहेर पडायचं नाही, लहान मुलाला तर नाहीच, आणि खाली वाकून बसायचं नाही, कारण बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. टॉर्च आणि मोठ्याने बोलणं सोबत असावं.

दुसरं कारण त्यांनी एका शब्दात सांगितलं. "आवर्तन."

वरच्या धरणातून रब्बीसाठी सोडलेलं पाणी ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत याच पात्रातून येतं आणि तिथून पुढे कालव्यांत जातं. वर कधी दार उघडलं हे पात्रात झोपलेल्या माणसाला कळायला मार्ग नाही. आभाळ निरभ्र, पावसाचा पत्ता नाही, आणि पाणी चढतं. धरणाच्या खालच्या अंगाला नदीत उतरायच्या आधी गावात विचारायचं, आवर्तन सुरू आहे का, कधी येणार आहे. शेतकऱ्याला तो दिवस पाठ असतो.

तंबू मग मामांच्या अंगणात लागले, गोठा आणि घर यांच्या मधोमध, दिव्याच्या उजेडात. बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, तुरीच्या उकडलेल्या शेंगा. जेवणं झाल्यावर मामा आणि बाबा ओट्यावर बसले आणि जे बोलत सुटले ते थांबेनात. मोटेचं पाणी, विहिरी, बैलांची नावं, कोणत्या साली कांद्याने हात दिला आणि कोणत्या साली बुडवलं. एकमेकांना चार तासांपूर्वी न ओळखणारी ही दोन माणसं एकमेकांची वाक्यं पुरी करत होती. मी तंबूत पडल्या पडल्या ऐकत होते. रात्रभर गोठ्यातल्या गाईच्या गळ्यातली घंटी अधूनमधून वाजत राहिली. घंटी सावकाश वाजतेय तोवर काळजी नाही, असं मामींनी झोपताना सांगितलं होतं. ती सावकाशच वाजली.

चौथा दिवस

भाच्याने सगळ्यांच्या आधी उठून मला हलवलं. मामा सोबत आले, आम्ही काठावर गेलो. नदीचा रंग बदलला होता. काल काठाशी हिरवट, स्वच्छ दिसणारं पाणी आज गढूळ, भरलेलं, गवताच्या काड्या वाहून नेणारं. वाळूचा पट्टा कुठे होता हे समोरच्या बाभळीवरून अंदाजाने ठरवावं लागलं. त्या जागी पाण्याला नुसता एक लांब सुरकुतीसारखा वळ पडत होता. पाण्यावर फिरणारे दोन धोबी पक्षी शेपट्या हलवत काठावर सरकले होते. भाचा बराच वेळ त्या वळाकडे बघत उभा राहिला. मग त्याने बाबांचा हात धरला, तोपर्यंत तो तिन्ही दिवस कुणाचा हात धरत नव्हता.

मामांनी निघताना अर्धं पोतं कांदे गाडीत टाकले. पैसे घ्या म्हटलं तर रागावले, म्हणून भाच्याच्या हातून राजूरच्या पेढ्यांचा शिल्लक पुडा मामींना दिला.

घरी आल्यावर दोन्ही तंबू गच्चीत पसरले. झटकले तर एकातून भाताचं कूस निघालं, दुसऱ्यातून अंगणातली शेणाने सारवलेली माती. मेखा धुऊन मोजल्या: सोळातल्या पंधरा. भाऊ म्हणाला, एक विकत आणू. संध्याकाळी बघते तर बाबा गच्चीच्या कोपऱ्यात विळा घेऊन बसलेले, पायात बाभळीचा एक तुकडा धरून. टोक काढून झालं होतं, दोरी अडकायला वरच्या बाजूला खाच पाडत होते. नातू शेजारी उकिडवा बसून विचारत होता, मेख जमिनीत सरळ मारायची की तिरकी. "तिरकी. तंबूकडे पाठ करून," बाबा म्हणाले आणि खाचेतला भुसा फुंकून टाकला.